खडकावरचं फर्न निवडताना: लिंडहाइमर, अ‍ॅस्ट्रोलेपिस, सेटेरॅक की बटण फर्न?

कमी पाण्यावर जगणारं फर्न शोधायला निघालं की ही चार नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. निवडणारा माणूस बहुतेक वेळा एकच विचारतो: यांतलं पाण्यावाचून सगळ्यांत जास्त दिवस कोण राहतं? मला हा प्रश्न अपुरा वाटतो. एकदा नीट रुजलेलं खडकावरचं फर्न तहानेनं क्वचितच जातं. ते जातं मुळाशी पाणी साचल्यानं, पानांवरच्या लवीत ओल अडकून राहिल्यानं, वारा न लागल्यानं. म्हणून आधी स्वतःचा हात आणि स्वतःची जागा पाहा. तुम्ही रोज पाणी घालणाऱ्यांतले की विसरणाऱ्यांतले? कुंडीवर पाऊस थेट पडतो का? सकाळचं ऊन किती वेळ येतं? कोणतं झाड घ्यायचं ते या उत्तरांवर ठरतं.

चौघांत दिसायला सगळ्यांत देखणं लिंडहाइमरचं फर्न, म्हणजे मिरिओप्टेरिस लिंडहाइमेरी. अमेरिकेचा नैर्ऋत्य भाग आणि मेक्सिको इथल्या खडकाळ उतारांवरचं हे झाड. पान वरून रुपेरी लोकरीनं झाकलेलं, खालून तांबूस खवल्यांचं. पानाचे भाग इतके बारीक की मणी ओवल्यासारखे दिसतात. ग्रीकमध्ये ‘मिरिओस’ म्हणजे असंख्य. त्यावरून प्रजातीचं नाव पडलं. पुढचं नाव टेक्सासमध्ये वनस्पती गोळा करणाऱ्या फर्डिनांड लिंडहाइमर यांचं. खरेदी करताना एक लक्षात ठेवा. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या अशा अनेक जाती कायलॅन्थसमधून काढून मिरिओप्टेरिसमध्ये घातल्या गेल्या, पण लेबलांवर जुनं नाव अजून चालतं. कायलॅन्थस लिंडहाइमेरी आणि मिरिओप्टेरिस लिंडहाइमेरी हे एकच झाड आहे.

अ‍ॅस्ट्रोलेपिस सिनुआटा त्याचं जवळचं नातलग, पण बांधा अगदी वेगळा. लांब, अरुंद, उभी पानं, ३० ते ६० सेंटीमीटर उंच, दोन्ही बाजूंना नागमोडी कडांची लहान दलं, म्हणजे पानाचे सुटे भाग. वरच्या बाजूला चांदणीसारखे खवले असतात. प्रजातीच्या नावाचा अर्थही तोच, चांदणीसारखे खवले असलेलं. लिंडहाइमरचं खोड जमिनीलगत सरपटत पसरतं, याचं जागच्या जागी घट्ट झुबका करतं. हा फरक साधा वाटतो, पण कुंडीत वाढवणाऱ्याला तो रोज जाणवतो. पसरणाऱ्याला उथळ आणि रुंद भांडं हवं, झुबक्याला नेहमीची कुंडी पुरते.

सेटेरॅक, म्हणजे अ‍ॅस्प्लेनियम सेटेरॅक, युरोप आणि भूमध्य समुद्राच्या भोवतालच्या प्रदेशातलं. जुन्या भिंतींच्या चुन्याच्या सांध्यांत ते आपण होऊन उगवतं. बहुधा वीतभरही नसतं. पानाची खालची बाजू गंजाच्या रंगाच्या खवल्यांनी पूर्ण भरलेली असते. चौथं बटण फर्न, पेलिया रोटंडिफोलिया, न्यूझीलंडचं. गोल, गडद हिरव्या, चामड्यासारख्या दलांच्या कमानी. घरात ठेवायचं झाड म्हणून या चौघांत तेच सगळ्यांत सहज मिळतं.

आता मुख्य फरक. ‘कमी पाण्यावर जगणारं’ हा शिक्का चौघांवर असला तरी त्याचा अर्थ चौघांत सारखा नाही.

सेटेरॅक कोरडं पडलं की पानं आत वळतात आणि खवल्यांची तांबूस बाजू बाहेर येते. झाड मेलं असं वाटावं इतकं ते वाळतं, कुरकुरीत होतं. पाऊस आला की काही तासांत, फार तर एखाद्या दिवसात, तीच पानं उलगडून हिरवी होतात. पानांतलं बहुतेक पाणी गेलं तरी पेशी शाबूत राहतात, म्हणून हे शक्य होतं. लिंडहाइमर आणि अ‍ॅस्ट्रोलेपिसही पानं मिटून घेतात. लव आणि खवले उन्हाचा मारा अडवतात, पान आक्रसतं, झाड वाट पाहत बसतं. बटण फर्नला हे जमत नाही. बोस्टन फर्नपेक्षा किंवा हंसराजापेक्षा ते कोरडेपणा बराच जास्त सोसतं, कारण त्याची दलं जाड आहेत. पण एकदा पान पूर्ण वाळलं की ते परत येत नाही. खोड जिवंत असेल तर नवी पानं फुटतात, जुनी कापावीच लागतात. पाणी द्यायला महिनाभर विसरणाऱ्यानं म्हणून बटण फर्न घेऊ नये, दुकानात ते कितीही गोंडस दिसलं तरी.

उलट, ज्याचा हात रोज झारीकडे जातो त्याच्याकडे लिंडहाइमर टिकणार नाही. माझं पहिलं मी असंच घालवलं. मिटलेली पानं पाहून घाबरले, वरून फवारा मारत राहिले, आणि दोन आठवड्यांत मधला कोंब काळा पडला. तेव्हा मला कळायला हवं होतं की पानं मिटणं ही त्या झाडाची झोप आहे, आजार नव्हे. लोकरीत पाणी अडकलं आणि हवा कोंदट असली की कुज तिथूनच सुरू होते. थंडीच्या दिवसांत वाढ थांबलेली असताना हा धोका सगळ्यांत मोठा. या झाडाला पाणी कडेनं, मातीवर द्यायचं, सकाळी, आणि पुढचं पाणी वरची दोनतीन बोटं माती सुकल्यावरच. अ‍ॅस्ट्रोलेपिसची रीत तीच, पण पानं उभी आणि लोकर नसल्यानं वरून चार थेंब पडले तरी ते लवकर सुकतं. चुका पोटात घालण्यात ते लिंडहाइमरपेक्षा बरंच उदार आहे.

माती आणि मांडणीवर मी जरा जास्त बोलणार, कारण निम्मं यश तिथे आहे. लिंडहाइमर आणि अ‍ॅस्ट्रोलेपिससाठी दोन भाग जाड खडी (३ ते ६ मिलिमीटरची) आणि एक भाग पानांचं कुजलेलं खत. बारीक वाळू नको, ती घट्ट बसते आणि हवा अडवते. सेटेरॅकला याच मिश्रणात चुनखडीचे तुकडे किंवा जुन्या चुन्याच्या बांधकामाचा भुगा घाला, त्याला चुना मनापासून आवडतो. बटण फर्नला नेहमीची कुंडीची माती आणि परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) अर्धं अर्धं चालतं, त्याला चुन्याची गरज नाही.

नर्सरीतून ही झाडं बहुधा पीट (दलदलीतल्या अर्धवट कुजलेल्या शेवाळाचा भुसा) किंवा कोकोपीटच्या गोळ्यात येतात. पहिल्या तिघांच्या बाबतीत तो गोळा तसाच खडीत पुरू नका. भोवती सगळं सुकलं तरी तो आत ओला राहतो. पीट असेल आणि एकदा पूर्ण वाळला तर पुन्हा पाणी पटकन शोषत नाही. मुळं हलक्या हातानं मोकळी करून मगच लावा. खोड मातीच्या पातळीवर किंवा किंचित वर ठेवा आणि मानेभोवती, म्हणजे पानं खोडातून निघतात तिथे, खडीचा थर द्या. जमलं तर झाडाच्या पाठीशी एक मोठा दगड टेकवा. दगडाखालची जागा थंड राहते, मुळं तिथे शिरतात. खडकाच्या फटीत लावायचं असेल तर रोप थोडं तिरपं बसवा, म्हणजे मधल्या कोंबात पाणी साचत नाही. आणि कोणतंही नवं रोप पहिलं वर्षभर नियमित पाणी मागतं. दुष्काळ सोसायची ताकद मुळं खोल गेल्यावर येते. हे पाणी न मिळाल्यानं कितीतरी रोपं पहिल्याच उन्हाळ्यात जातात.

उजेडाबद्दल थोडक्यात. अ‍ॅस्ट्रोलेपिस चौघांत सगळ्यांत जास्त ऊन घेतं. लिंडहाइमरला सकाळचं ऊन आणि दुपारी दगडाची सावली मानवते, अंधारात त्याची पानं लांबट, विरळ होतात आणि रुपेरीपणा जातो. सेटेरॅक थंड हवेत उन्हात, गरम हवेत सावलीकडच्या भिंतीवर. बटण फर्न खिडकीजवळच्या उजेडात, थेट कडक ऊन टाळून. घरात ठेवायचं असेल तर माझ्या मते तेच एक घ्यावं, बाकी तिघांना उघडी हवा हवी.

स्वतः रोपं वाढवायची हौस असेल तर एक गोष्ट फार सुंदर आहे. नेहमीच्या फर्नच्या बीजुकातून, म्हणजे बीऐवजी पानांवर तयार होणाऱ्या धुळीसारख्या कणातून, आधी लहान हिरवी चकती उगवते, आणि त्या चकतीवर पाण्याचा पातळ थर असेल तरच फलन होतं. सेटेरॅक असंच चालतं. लिंडहाइमर आणि बहुतेक अ‍ॅस्ट्रोलेपिस यांनी ही अट सोडूनच दिली आहे. त्यांच्या चकतीतून फलनाशिवाय सरळ नवं रोप फुटतं. खडकावर पाण्याचा भरवसा नाही, तिथे ही सोय किती मोलाची असेल! तरी चकती उगवायला ओल लागतेच, आणि बीजुकापासून लावण्याजोगं रोप व्हायला वर्ष-दीड वर्ष धरून चाला. घाई असेल तर लिंडहाइमरचं पसरलेलं खोड वसंतात मुळांसकट कापून वेगळं लावा. अ‍ॅस्ट्रोलेपिसचा झुबका तोडणं जोखमीचं, मी तो हलवत नाही.

पहिलंच खडकावरचं फर्न असेल आणि बाहेर ऊन असेल तर मी अ‍ॅस्ट्रोलेपिस सांगेन. घरातली खिडकी असेल आणि पाणी घालणं तुम्हाला आवडत असेल तर बटण फर्न. जुनी चुन्याची भिंत किंवा चुनखडीचा बांध असेल तर सेटेरॅकला तोड नाही, मात्र ते हळू वाढतं, दोन वर्षं तरी त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. लिंडहाइमर घ्या, पण वरून पावसाचा आडोसा आणि खेळता वारा दोन्ही देता येत असतील तरच.

रोप निवडताना पानांच्या संख्येपेक्षा मधला कोंब पाहा. गुंडाळलेली, लवीनं भरलेली कोवळी पानं वर येत असतील आणि मान कडक असेल तर बाजूची चार पानं वाळलेली असली तरी ते झाड घ्या. मान दाबल्यावर मऊ लागली, तर हिरवीगार पानं असूनही ते तिथेच ठेवा.