सात महिने पोट-कमरेचे व्यायाम केल्यावर (वय ६६)

गेल्या पावसाळ्यात जिन्याच्या ओल्या पायरीवरून पाय सटकला आणि मनगट मोडलं. हाड जुळलं पण भीती बसली ती बसलीच, सलवार घालतानासुद्धा भिंत धरायचे. मला वाटायचं गुडघे गेलेत. फिजिओताईंनी हात छातीशी धरून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजलं, माझं आलं ८, या वयाच्या बाईला निदान ११ तरी यायला हवं म्हणाल्या. गुडघे बरे आहेत, पोट, कंबर आणि कुल्ल्यांचे स्नायू ढिले पडलेत, आणि तोल गेला की धड सावरतात ते हेच.

मग रोज वीसेक मिनिटं सुरू केलं. सेतुबंध (उताणं झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलायची), ओट्याला हात टेकून तिरका प्लँक (अंग डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ ताठ धरायचं), बर्ड डॉग म्हणजे रांगायच्या पोझमध्ये उजवा हात पुढे डावा पाय मागे (मनगट दुखतं म्हणून मी कोपरं टेकून करते), आणि डेड बग. हा शेवटचा दिसायला सोपा आहे, उताणं झोपून हात-पाय वर धरायचे आणि उजवा हात डावा पाय, मग डावा हात उजवा पाय असे लांब करायचे, पण खरी परीक्षा त्यातच आहे. कमरेखाली रुमाल ठेवायचा आणि पाय लांब केल्यावर नातीला ओढायला सांगायचा, सहज निघाला तर कंबर उचलली गेली, पोट काम करत नाहीये. माझा रुमाल पहिले दीड महिना रोज निघत होता!! श्वास मात्र कोंडायचा नाही, मला बीपी आहे म्हणून मोठ्याने आकडे मोजते.

आधी एका क्लासला गेले होते, तिथे काही न विचारता पहिल्याच दिवशी सिटअप्स करायला लावले, आठवडाभर पाठ धरली होती. हाडं ठिसूळ असतील तर असं पाठ वाकवून उठणं मणक्याला धोक्याचं असतं, प्लीज आधी विचारून घ्या.

दोन महिने काहीच फरक वाटला नाही, सोडून द्यावंसं वाटत होतं. तिसऱ्या महिन्यात एकदा भरलेली बादली उचलताना लादीवर पाय घसरला आणि मी पडले नाही, पोट आपोआप आवळलं गेलं, ते मला स्पष्ट जाणवलं. आता खुर्चीचं १३ होतं, एका पायावर ४ सेकंदांवरून २२ वर आलेय, कुकरची शिट्टी होईपर्यंत ओट्यापाशी तेच करते. जागतिक आरोग्य संघटनाही पासष्टीनंतर आठवड्यातून किमान ३ दिवस तोल आणि ताकदीचे व्यायाम करायला सांगते, मी एक रविवार सोडला तर खाडा करत नाही.

डोळे मिटून मात्र अजून ३ सेकंदांच्या वर जात नाही. सुरुवात करणाऱ्यांनी शेजारी ओटा किंवा जड टेबल ठेवा, चाकाची खुर्ची अजिबात नको, आणि पहिला महिनाभर घरात कोणीतरी असतानाच करा.