सारण भरायचं मशीन सात महिने वापरल्यावर: बन फुटायचे थांबले, पण मशीनमुळे नाही

सात महिने झालेत म्हणून आत्ता लिहितेय, दुसऱ्या महिन्यात लिहिलं असतं तर नुसत्या शिव्या निघाल्या असत्या. मशीन टेबलावर मावणारं आहे, वर दोन हॉपर (माल ओतायची भांडी), एकात पीठ एकात सारण, खाली एकात एक बसवलेले दोन नोझल आणि त्यांच्या खाली शटर. सोबत दोन जोड (मशीनला लावायच्या अटॅचमेंट) घेतले होते, एक वरून तीळ-बिया लावायचा आणि एक चॉकलेटचा थर द्यायचा, त्यांचं शेवटी सांगते. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण या साइजची मशीनं साधारण याच पद्धतीने चालतात आणि मला जो मनस्ताप झाला तो कुठल्याही नावाखाली झालाच असता.

ज्यांनी हे चालताना बघितलं नाहीये त्यांच्यासाठी थोडक्यात. बाहेरच्या नोझलमधून पीठ नळीसारखं उतरतं आणि त्याच नळीच्या आत सारण उतरतं, म्हणजे भरलेली एक न संपणारी कांडी खाली येत राहते. शटरच्या पाकळ्या ती कांडी चिमटून तोडतात. खरं तर तोडतात म्हणणं चूक आहे, मिटतात. कॅमेऱ्याच्या भिंगातलं छिद्र बारीक होतं ना तशा सहा पाकळ्या गोल फिरत आत येतात आणि पीठ न कापता मधोमध ढकलत नेतात, त्यामुळे खालच्या गोळ्याचा माथा आणि वरच्या गोळ्याचं बूड एकाच क्षणी बंद होतं. पहिल्या दिवशी मी अर्धा तास नुसती बघतच उभी होते. ही कल्पना जपानमधली, तोराहिको हायाशी नावाच्या मिठाई बनवणाऱ्या माणसाने १९६३ मध्ये कंपनी काढली तीच मुळी हे भरायचं काम मशीनवर न्यायला, आणि कंपनीचं नाव ठेवलं रेऑन, पदार्थ वाहतात कसे याचं जे शास्त्र आहे रिऑलॉजी, त्यावरून. माझं मशीन त्यांचं नाही, पण नावाचा अर्थ मला तिसऱ्या महिन्यात कळला आणि तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, कारण अडचण सगळी तीच होती, वाहण्याची.

पहिला आठवडा. माझं हाताने भरायचं पीठ बऱ्यापैकी सैल, मैद्याच्या ६२ टक्के पाणी, बन मऊ होतात म्हणून. तेच हॉपरमध्ये टाकलं. प्रत्येक गोळ्याला वर शेपटी, पाकळ्यांना चिकटून ताणली गेलेली, आणि तिसऱ्या मिनिटाला शटरवर पिठाची गादी. मावशींनी (आमच्याकडे गोळे वळायचं काम त्या करतात) एक गोळा उचलून बघितला आणि म्हणाल्या, "ताई, हे भरलंय का गाठ मारलीय?" पाणी कमी करत करत ५४ टक्क्यांवर आले तेव्हा शेपट्या गेल्या, पण पीठ इतकं घट्ट झालं की कांडी उतरताना कडेला चिरायला लागली. मग तेल थोडं वाढवलं आणि मळल्यावर २० मिनिटं झाकून ठेवायला लागले. मळल्या मळल्या पीठ रबरासारखं मागे ओढतं, थोडं निवांत पडलं की सैलावतं, हे हाताने लाटताना सगळ्यांनाच माहिती असतं, मशीनला तर ते शंभरपट जास्त कळतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मॅन्युअलमध्ये एका ओळीत उरकलंय. मशीन वजन मोजत नाही. ते एका ठोक्याला इतकी जागा भरेल इतका माल ढकलतं, बस. यीस्टचं पीठ हॉपरमध्ये बसल्या बसल्या फुगत असतं, शिवाय माल ढकलणारा स्क्रू फिरून फिरून ते गरम पण होतं, म्हणजे तेवढ्याच जागेत हवा जास्त आणि पीठ कमी. एकदा ६० ग्रॅमला सेट केलेला बन चाळीस मिनिटांत ५३ ग्रॅमवर आला आणि मी मूर्खासारखी वेग वाढवत बसले, वजन पुन्हा ६० झालं, मग नवीन पीठ टाकल्यावर एकदम ६७! त्या दिवशीचे अर्धे ट्रे बाजूला काढावे लागले, कारण एकाच ओव्हनमध्ये लहान बन करपले आणि मोठे मधे कच्चे. आता पाण्यात बर्फ घालून मळते, पीठ २० डिग्रीच्या आसपास हॉपरमध्ये जातं, यीस्ट जरा कमी, आणि मोठा घाणा न मळता छोटे छोटे घाणे, एक संपत आला की दुसरा तयार. काट्यावर दर दहा मिनिटांनी पाच गोळे. कंटाळवाणं आहे पण पर्याय नाही.

सारणाचं तर वेगळंच. माझी समजूत अशी होती की सारण जितकं मऊ तितकं मशीनला सोपं, आणि ती साफ चुकीची निघाली. पीठ घट्ट आणि सारण पातळ असलं की सारण खाली बसतं, गोळ्याचं बूड कागदासारखं पातळ आणि वर पिठाचा जाड ढिगारा. उलट सारण घट्ट असलं की ते पिठाला फाडत उतरतं. दोन्ही बोटांनी दाबल्यावर सारखी लागली पाहिजेत, एवढं एक साधलं की अर्ध्या तक्रारी आपोआप जातात. मी आता भाजीचं सारण रात्री फ्रिजमध्ये ठेवते आणि सकाळी त्याच गारव्यात टाकते, चॉकलेटचं उलट तासभर बाहेर काढून ठेवावं लागतं. सारण मध्यात आहे का हे बघायची एक सोपी युक्ती सांगते: दोन-तीन कच्चे गोळे फ्रीजरमध्ये टाका, दगडासारखे झाले की उभे आडवे कापा. मऊ गोळा कापला तर सुरीच सारण सरकवते आणि तुम्हाला काही कळत नाही, गोठलेल्यात अंड्याच्या पिवळ्या बलकासारखं गोल दिसतं, आणि कुठल्या बाजूला कवच पातळ आहे ते पट्टीने मोजता येतं.

फुटण्याबद्दल. जॅमचे बन ओव्हनमध्ये फुटायचे, बुडातून लाल चिकट ओघळ, ट्रेवर जळून काळं, आणि मी महिनाभर शटरला दोष देत होते, पाकळ्या घासल्या, सेटिंग बदललं, कंपनीच्या माणसाला दोनदा फोन केला. दोष जॅमचा होता. साधा जॅम गरम झाला की पातळ होतो, त्यातलं पाणी उकळून वाफ होते आणि वाफेला वाट हवीच असते. त्याची चाचणी घरच्या घरी करता येते, एका कागदावर छोटी रिंग ठेवून त्यात जॅम भरायचा, रिंग उचलायची, २०० डिग्रीच्या ओव्हनमध्ये दहा मिनिटं. माझा जॅम कागदभर पसरला आणि भोवती ओला डाग. मग ओव्हनमध्ये टिकणारा जॅम मिळतो, ज्यात उष्णतेला दाद न देणारं पेक्टिन (जॅम घट्ट करणारा फळांमधला पदार्थ) आणि स्टार्च असतं, तो आणला, त्याच चाचणीत तो बटणासारखा उभा राहिला. शटर तेच, सेटिंग तेच, फुटणं जवळपास बंद. चवीला तो जरा जास्त घट्ट आणि जिभेवर उशिरा विरघळतो, हे खरंय, मला अजून पहिलाच जॅम आवडतो, पण तो आता बन भाजल्यावर पिचकारीने भरते, म्हणजे त्या प्रकारापुरतं मशीन बाजूलाच.

अजून एक पोकळीचं दुखणं राहिलंय, पूर्ण सुटलेलं नाही. बन कापला की वर घुमटासारखं रिकामं आणि खाली सारण चिकटलेलं. कवच फुगून वर जातं, सारणाची वाफ त्याला अजून ढकलते आणि नंतर सारण थंड होऊन बसतं. फुगवायचा वेळ कमी केला आणि वर सुईने एक भोक पाडायला लागले, घुमट लहान झाला, गेला नाही.

कुकीमध्ये भरलेलं सारण हा माझा सगळ्यात मोठा पराभव. कुरकुरीत कुकी, आत जॅम, पहिल्या दिवशी झकास, तिसऱ्या दिवशी कुकी ओल्या पुठ्ठ्यासारखी. मी डबे बदलले, पाकिटं बदलली, पण पाणी बाहेरून येतच नव्हतं, आतून येत होतं. ओलसर सारणातलं पाणी कोरड्या कवचात जात राहतं जोपर्यंत दोघांचा समतोल होत नाही, डबा कितीही घट्ट असला तरी. यावर दोनच रस्ते कामाला आले, एकतर सारणात साखर इतकी वाढवायची की ती पाणी धरून ठेवेल, नाहीतर सारणच तुपा-तेलाच्या घराण्यातलं घ्यायचं, म्हणजे चॉकलेट किंवा शेंगदाण्याच्या लोण्यासारखं, ज्यात पाणी जवळपास नसतंच. मी दुसरा धरला. जॅमची कुकी बंद. सारणाच्या डब्यावरचे घटक पूर्वी मी वाचतसुद्धा नव्हते, आता पहिल्यांदा पाणी कुठे आहे तेच शोधते.

दाणेदार सारण असेल तर हेही ऐकून ठेवा. माझ्या मशीनमध्ये सारण स्क्रूने ढकललं जातं, आणि स्क्रू म्हणजे एक प्रकारचा पाटा-वरवंटाच, काजूचे तुकडे टाकले की बाहेर येईपर्यंत निम्मे भरडलेले. तुकडा नोझलच्या तोंडाच्या एक तृतीयांशाहून मोठा असला तर तो आडवा अडकतो आणि मग पुढचे सहा-सात गोळे नुसत्या पिठाचे निघतात, वरून बघून कळतही नाही. हे एकदा गिऱ्हाईकाने मला दाखवलं, खूप लाज वाटली. तुकडे अख्खे हवे असतील तर पिस्टनने ढकलणारं मशीन बघा.

आता जोड. बियांचा जोड मला आवडला. ओल्या पट्ट्यावरून गोळा फिरून जातो आणि मग बियांच्या थाळीत लोळतो, पाणीच लावायचं, तेल नाही, तेलाने बिया चिकटल्यासारख्या वाटतात आणि भाजल्यावर डब्यात अर्ध्या खाली. फक्त थाळीत उरलेल्या बिया ओलसर होतात, त्या दुसऱ्या दिवशी वापरायच्या म्हणून झाकून ठेवल्या तर गाठी आणि कुबट वास. मी उरलेल्या त्याच दिवशी चाळून भाजून घेते.

चॉकलेटचा जोड घेऊ नका. म्हणजे माझ्यासारख्या छोट्या जागेत तरी नाही. चॉकलेटचा पडदा वरून पडतो, खालून जाळीचा पट्टा, वर छोटा पंखा जास्तीचं उडवून लावतो, दिसायला फार देखणं. पण कोकोच्या लोण्याचे स्फटिक सहा प्रकारे बसतात आणि त्यातला पाचवा प्रकारच चमक आणि कडकपणा देतो, त्यासाठी डार्क चॉकलेट ३१-३२ डिग्रीत धरून ठेवावं लागतं. या जोडाचा थर्मोस्टॅट दोन-तीन डिग्री वर-खाली होतो. परिणाम, चार दिवसांत वर पांढुरका थर, लोकांना वाटलं बुरशी. कोकोच्या लोण्याऐवजी वनस्पती तेल घातलेलं कंपाउंड चॉकलेट वापरलं की तापमानाची कटकट नाही, तेच आता वापरते, पण मग पडद्यात आधीचं खरं चॉकलेट शिल्लक राहिलं आणि दोन्ही मिसळली तर पांढुरका थर परत, कारण दोन्ही तेलांचं एकमेकांशी पटत नाही. सध्या जोड कपाटात आणि चॉकलेट वाटीत बुडवून हाताने.

धुणं. सगळं सुटं करून धुऊन परत बसवायला मला पन्नास मिनिटं लागतात, मावशींना पस्तीस. गरम पाणी चुकूनही नको! मी पहिल्या दिवशी उकळतं पाणी ओतलं, भारी स्वच्छ होईल म्हणून, पीठ आतच शिजलं आणि खळ तयार झाली, दोन तास टूथब्रशने खरवडत होते. आधी थंड पाण्यात भिजवायचं, मग कोमट. आणि दाण्यांचं सारण चालवल्यावर साधे बन काढायचे असतील तर रबरी सील काढूनच धुवा, वरवर पाणी मारून भागत नाही, ज्याला दाण्यांची ॲलर्जी आहे त्याला सीलमागे अडकलेलं चिमूटभरही पुरेसं होतं.

घ्यावं का असं बरेच जण विचारतात. रोज एकाच प्रकारचे शे-दोनशे गोळे असतील तर घ्या. रोज चार सारणं बदलत असाल तर धुण्यातच दिवस जाईल, हात जास्त वेगवान आहेत. आमच्याकडे माणूस कमी झालेलं नाही, मावशी आता काट्यावर आणि गोळे मिटतात तिथल्या शिवणी तपासायला बसतात आणि माझ्याआधी त्यांना कळतं की पीठ गरम झालंय, कांडी उतरतानाचा आवाज बदलतो म्हणे. मला अजून तो आवाज ऐकू येत नाही.

काल त्यांनीच दाखवलं, बनच्या बुडाला एकाच बाजूने बारीक मिशी यायला लागलीय. तिसऱ्या पाकळीची कड बोथट झालीय. उद्या नवीन पाकळ्यांचा सेट येतोय, बसवून बघते.