काकवीचे पाणी आणि गुणपत्रिका : पागेबरोबर ड्रेसाज स्पर्धेत घालवलेले तीन दिवस

कोल्हापूर शहर सोडून पन्हाळ्याच्या रस्त्याला लागले की उसाच्या रानांत एक लहानशी पागा आहे. माझी तेरा वर्षांची मुलगी तिथे अडीच वर्षांपासून घोडेस्वारी शिकते. या पागेने नुकतेच आपल्या सहा विद्यार्थ्यांना आणि तीन घोड्यांना पुण्यातील एका ड्रेसाज स्पर्धेला नेले आणि मी शुक्रवार पहाटेपासून रविवारी रात्रीपर्यंत त्यांच्यासोबत होते. पुढे काही तक्रारीही आहेत आणि त्या मी चालकांना समक्ष सांगितल्या आहेत, म्हणून पागेचे नाव इथे लिहीत नाही. परंतु आपल्या मुलांना स्पर्धेला पाठवावे का, आणि पाठवायचे झाल्यास पागेकडून नेमकी कशाची अपेक्षा धरावी, असा प्रश्न आमच्या भागातल्या ज्या पालकांना पडला असेल त्यांना या अनुभवाचा उपयोग व्हावा, एवढ्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

माझे मत आधीच सांगते. प्रत्येक मूल रिंगणात फार तर पाच-सहा मिनिटे असते. पालक पैसे मोजतात ते त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या तासांचे, आणि पागा चांगली की वाईट हे त्या तासांतच कळते. आमच्या पागेने ते तास बहुतांशी उत्तम सांभाळले, मात्र एका ठिकाणी तिने चूक केली आणि ती चूक लहान नव्हती.

ज्यांनी ड्रेसाज पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. यात शर्यत नसते आणि अडथळ्यांवरून उड्याही नसतात. प्राथमिक पातळीवर वीस मीटर रुंद आणि चाळीस मीटर लांब असे आयताकृती रिंगण असते, त्याच्या कडेने ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ अशी अक्षरे लावलेली असतात आणि परीक्षक सी या अक्षराच्या मागे बसतात. स्वाराने ए कडून आत यायचे, मधल्या रेषेवर थांबून मान लववून अभिवादन करायचे आणि मग आधीपासून ठरलेल्या क्रमाने घोडा साध्या चालीत, दुडकीत आणि कँटरमध्ये, म्हणजे दुडकीपेक्षा वेगवान दौडीत, नेऊन वर्तुळे, वळणे आणि थांबे पूर्ण करायचे. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा यांपैकी गुण मिळतात. घोड्याला तोंडाने आवाज देणे किंवा चुचकारणे हा दोष धरला जातो, म्हणून मांड, पाय आणि लगाम यांच्या इशाऱ्यांवरच सगळे भागवावे लागते. २०२३ साली हांगझो येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला यांनी याच प्रकारात भारताला सांघिक सुवर्णपदक मिळवून दिले. घोडेस्वारीतील सुवर्ण १९८२ च्या दिल्ली स्पर्धेनंतर, म्हणजे एक्केचाळीस वर्षांनी, देशात आले होते. त्यानंतरच माझ्या मुलीने ‘मला हेच शिकायचे आहे’ असा हट्ट धरला.

मराठ्यांच्या घोडदळात स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, असा भेद होता. त्या हिशोबाने आमची सहाही मुले बारगीर आहेत, कारण घोडे पागेचे आहेत. माझ्या मुलीच्या वाट्याला गौरी नावाची चौदा वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस तपकिरी अंगाची आणि काळ्या आयाळीची, घोडी आली होती. ती शर्यतीच्या मैदानावरून निवृत्त झालेली आहे, शांत आहे, पण ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने दचकते. तिच्यावर दुसरीही एक मुलगी स्पर्धेत उतरणार होती. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण तक्रारीचे मूळ तिच्यात आहे.

प्रवासाची तयारी या पागेने ज्या बारकाईने केली तशी मी आमच्या शाळेच्या सहलीतही पाहिलेली नाही. ग्लँडर्स हा घोड्यांचा संसर्गजन्य रोग माणसालाही होऊ शकतो, म्हणून त्याची रक्ततपासणी करून अहवाल आधीच मागवून ठेवले होते. ऊन चढण्यापूर्वी बराच टप्पा पार व्हावा यासाठी शुक्रवारी पहाटे तीन वाजता गाडी निघाली. घोड्यांना बांधलेला दोर इतका सैल ठेवला होता की त्यांना मान खाली घालता यावी. लांबच्या प्रवासात तासन्‌तास मान वर बांधलेली राहिली तर श्वासमार्गात गेलेली धूळ आणि कफ बाहेर पडत नाही आणि फुफ्फुसाचा आजार होऊ शकतो, हे मला घोड्यांची देखभाल करणाऱ्या मुख्य मोतद्दारांनी सांगितले, ज्यांना सगळी मुले मामा म्हणतात. साताऱ्याच्या अलीकडे अर्धा तास थांबून तिन्ही घोड्यांना पाणी दाखवले, ओले करून आणलेले गवत दिले, पायांवरून हात फिरवून पाहिले आणि मगच गाडी पुढे निघाली.

पाण्याची गोष्ट तर मी कधीच विसरणार नाही. नव्या ठिकाणच्या पाण्याचा वास वेगळा लागला की पुष्कळ घोडे ते पीत नाहीत, पाणी कमी पडले की आतड्यातला चारा कोरडा होऊन अडकतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला ओकारी करता येत नाही, त्यामुळे पोटशूळ हे पागेत सर्वांत मोठे भय असते. मामांनी यावर आमच्याच मातीतला उपाय केला होता. निघण्याच्या आठ दिवस आधीपासून ते तिन्ही घोड्यांच्या पाण्यात रोज थोडी काकवी घालत होते आणि पुण्याला जाताना काकवीचा डबा सोबत घेतला होता. शुक्रवारी दुपारी गौरीने तिथल्या बादलीत तोंड घातले, नाकपुड्या फुगवल्या आणि मान फिरवली. मामांनी बादलीत वाटीभर काकवी ओतून हाताने पाणी ढवळले आणि तोच ओला हात तिच्या ओठांना लावला. तिने तो चाटला, क्षणभर थांबली आणि मग बादली निम्मी होईपर्यंत मान वर काढली नाही. मामा तिच्या गळ्याजवळ हात ठेवून प्रत्येक घोट मोजत होते. ‘आता निजायला हरकत नाही,’ असे ते माझ्या मुलीला म्हणाले आणि तरीही रात्री दोनदा उठून ठाणावर फेरी मारून आले.

मुलांनाही पागेने नुसते पाहुणे म्हणून नेले नव्हते. लीद काढणे, खरारा करणे, पाण्याच्या बादल्या भरणे ही कामे पाळीने त्यांच्याकडेच होती. शनिवारी पहाटे साडेचारला ओल्या स्पंजाने आयाळ दाबून बसवून, तिच्या बारीक वेण्या घालून, त्या दोऱ्याने शिवून गुंडाळण्याचे काम मुलींनी स्वतः केले. माझ्या मुलीने घातलेल्या पहिल्या चार वेण्या सैल निघाल्या. मामांनी त्या सोडवल्या, पण पुन्हा घालायला तिलाच लावल्या. पालकांपैकी एक-दोघांना हे खटकले. मला मात्र ते फार मोलाचे वाटले, कारण ज्या जनावराच्या पाठीवर बसायचे त्याची चाकरी करणे हा याच शिक्षणाचा भाग आहे, असे मी मानते.

शनिवारची फेरी फारशी चांगली झाली नाही. ध्वनिक्षेपकावर पुढच्या स्वाराचे नाव पुकारले गेले, गौरी बिचकली, मुलीचे लक्ष उडाले आणि डावीकडे वळायच्या ठिकाणी ती उजवीकडे वळली. वाट चुकली की परीक्षक घंटा वाजवतात, स्वाराला चूक सुधारून पुढे जाऊ देतात आणि त्याबद्दल गुण कापतात. तिला २२० पैकी १२९, म्हणजे ५८.६४ टक्के मिळाले. शाळेत नव्वदच्या खाली कधी न आलेली मुलगी तो आकडा पाहून रडवेली झाली.

यानंतर जे घडले त्यासाठी मी या पागेला पूर्ण गुण देते. आमचे प्रशिक्षक लष्करातून निवृत्त झालेले दफेदार आहेत, मितभाषी आणि शिस्तीचे. संध्याकाळी घोड्यांना चंदी देऊन झाल्यावर त्यांनी सहाही मुलांना खोगिरे ठेवायच्या पत्र्याच्या पेटीभोवती बसवले आणि प्रत्येकाची गुणपत्रिका ओळीओळीने वाचली. आशियाई खेळांत वैयक्तिक कांस्य जिंकणाऱ्या अनुष अगरवालाचे गुण ७३.०३० टक्के होते, हे सांगून त्यांनी शाळेतल्या टक्क्यांशी असलेली तुलना आधी मुलांच्या डोक्यातून काढली. मग ते माझ्या मुलीच्या वीस मीटरच्या वर्तुळाकडे आले. तिथे पाच गुण होते आणि शेरा होता, ‘वर्तुळ अंडाकृती’. त्यांनी काठीने मातीत रिंगण आखले, अक्षरे लिहिली आणि तिला विचारले, ‘या कडेला तुझा घोडा कुठे टेकला?’ ती म्हणाली, ‘के पाशी, सर.’ तेव्हा त्यांनी समजावले की के हे अक्षर कोपऱ्यापासून सहा मीटरवर असते, तर ए कडून निघालेले वीस मीटरचे वर्तुळ त्या कडेला दहा मीटरवर टेकते, म्हणजे के ओलांडून आणखी चार मीटर जायचे, तिथे एकच पाऊल टेकायचे आणि लगेच एक्स कडे, म्हणजे रिंगणाच्या मध्यबिंदूकडे, वळायचे. अक्षर दिसले की मूल त्याच्याकडे धाव घेते आणि वर्तुळ बिघडते. हे चार मीटर तिने रात्री उशिरापर्यंत रिकाम्या जागेत स्वतःच्या पावलांनी मोजले. रविवारी त्याच वर्तुळाला सात गुण मिळाले आणि एकूण १३३.५, म्हणजे ६०.६८ टक्के झाले. पदक आले नाही, पण शनिवारी काय चुकले आणि रविवारी काय सुधारले हे तिला नेमके ठाऊक होते.

आता तक्रार. दोन दिवसांत गौरीवर दोघी मुली प्रत्येकी दोन फेऱ्या करणार होत्या आणि प्रत्येक फेरीआधी अर्ध्या-पाऊण तासाचा सराव होता. चौदा वर्षांच्या घोडीला, तेही रात्रीचा प्रवास करून आलेल्या, हे ओझे जास्त होते. शनिवारी ते निभावले. रविवारी सकाळी माझ्या मुलीची फेरी झाली, पण दुपारच्या सरावात गौरीचा मागचा उजवा पाय आखडल्यासारखा पडू लागला. प्रशिक्षकांनी तिला दोनदा सरळ रेषेत दुडकीवर चालवून पाहिले, पायावरून हात फिरवला आणि दुसऱ्या मुलीचे नाव मागे घेतले. हा निर्णय त्यांनी एका क्षणात घेतला, तिच्या वडिलांनी रागाने आवाज चढवला तरी तो बदलला नाही, आणि तो योग्यच होता. पण तो घेण्याची वेळच यायला नको होती. त्या मुलीने महिनोन्‌महिने तयारी केली होती. तिने डोक्यावरचे हेल्मेट न काढता अर्धा तास गौरीला हाताला धरून सावलीत फिरवले. तिच्याकडे पाहताना आपल्या मुलीची फेरी आधी झाली याचा आनंद मला होईना. पागेत त्या वेळी आणखी एक तयार घोडा होता आणि त्याला नेण्याचा खर्च वाचवण्यासाठी गौरीवर दुप्पट भार टाकला गेला, हे मी चालकांना स्पष्टपणे सांगितले. पुढच्या वेळी एका घोड्यावर एकाच स्वाराचे नाव दिले जाईल, असे त्यांनी कबूल केले आहे आणि त्या मुलीची पुढील स्पर्धेची प्रवेश फी पागा भरणार आहे.

दुसरी तक्रार पैशांची आहे. निघण्यापूर्वी आम्हाला तोंडी ‘साधारण नऊ हजार’ सांगितले होते आणि हाती आलेले बिल १२,४०० रुपयांचे होते. वाढलेल्या रकमेत काही गैर होते असे नाही, कारण स्पर्धेच्या ठिकाणचे ठाणभाडे, अंथरायचा भुसा, मोतद्दारांचे जेवण आणि गाडीचा मुक्काम हे सगळे खरेच खर्च होते, पण ते आधी कागदावर लिहून द्यायला हवे होते. मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय साधी आणि स्वच्छ होती. पालकांनी आपली सोय आपण पाहावी, अशी पागेची पद्धत आहे.

ज्यांना मुलाच्या गळ्यात लवकर पदक पाहायचे आहे त्यांनी इथे येऊ नये, कारण ही पागा मुलांना दोन वर्षे मांड पक्की झाल्याशिवाय स्पर्धेत उतरवत नाही. घोड्याची काळजी आणि गुणपत्रिकेचे वाचन या दोन गोष्टींसाठी मात्र मी तिची मनापासून शिफारस करते. चौकशीला जाताना एका घोड्यावर किती स्वार उतरणार हे आवर्जून विचारावे आणि खर्चाचा तपशील लेखी घ्यावा.

रविवारी रात्री साडेअकराला गाडी पागेत परतली. गौरी उतरणीवरून खाली आली, लंगडत नव्हती, आणि सरळ आपल्या दगडी डोणीकडे गेली. तिथले पाणी साधेच होते. ती प्यायला लागली तेव्हा मामांनी सवयीने तिच्या गळ्याला हात लावला आणि माझी मुलगी शेजारी उभी राहून घोट मोजत होती.