दोघांसाठी आधी कॅट जुळवण्याचे खेळ : रिफ्टफोर्स आणि कम्पाइल

मेंढीकोटाला चौघे लागतात, पाच-तीन-दोनला तिघे, आणि रमी दोघांत खेळता आली तरी तिची खरी रंगत जास्त माणसांतच येते. म्हणून खानापूरच्या घरी आत्या आणि मी असे दोघेच असताना खेळण्यासाठी खास दोघांकरता रचलेला, छोट्या पेटीतला पत्त्यांचा खेळ मी शोधत होतो. डाव सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाने आपला कॅट स्वतः निवडून जुळवावा, अशी माझी आणखी एक अट होती. बेळगावात खडेबाजार आणि गणपत गल्लीत मला तसे काही मिळाले नाही, म्हणून दोन खेळ ऑनलाइन मागवले.

त्यांपैकी कार्लो बोर्तोलिनी यांचा २०२१ सालचा ‘रिफ्टफोर्स’ मला निःसंशय सरस वाटतो. त्यात आग, पाणी, बर्फ, प्रकाश अशी १० गिल्ड, म्हणजे पत्त्यांचे गट, असून प्रत्येकाच्या ९ पत्त्यांत चार पंज्या, तीन छक्क्या आणि दोन सत्त्या असतात. पहिला खेळाडू एक गिल्ड उचलतो, त्यानंतर दुसरा दोन, पहिला दोन, दुसरा दोन, आणि शेवटचे एक पुन्हा पहिल्याकडे जाते. प्रत्येकाची चार गिल्ड एकत्र पिसली की ३६ पत्त्यांचा कॅट तयार होतो. निवड काही मिनिटांत उरकते, पण डावाचा निम्मा विचार तिथेच झालेला असतो. आगीचा पत्ता समोरच्यावर ३ घाव घालताना आपल्याच मागच्या पत्त्याला १ घाव देतो, म्हणून त्याच्या जोडीला घाव भरून काढणारा प्रकाश घ्यावा, की ४ घाव घालणारा पण नष्ट झाल्यास प्रतिपक्षाला जादा गुण देणारा स्फटिक घ्यावा, हा प्रश्न मला दरवेळी नव्याने पडतो. एका गिल्डच्या सर्व पत्त्यांची शक्ती एकच असल्यामुळे एकूण दहाच गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. इंग्रजी न वाचणाऱ्या आत्यांनी त्या सहज आत्मसात केल्या, आणि १२ गुणांची शर्यत त्या आता माझ्यापेक्षा लवकर गाठतात. घावांच्या सोंगट्या आणि पाच जागांची रांग यांमुळे पाटाएवढी जागा मात्र पुरत नाही. सतरंजीच अंथरावी लागते.

‘कम्पाइल’ हा २०२४ सालचा खेळ त्या बाबतीत सुटसुटीत आहे. १२ ‘प्रोटोकॉल’मधून (पत्त्यांच्या गटांना इथे हे नाव आहे) १-२-२-१ या क्रमाने प्रत्येकी तीन निवडायचे, आणि प्रत्येकाचे ६ याप्रमाणे १८ पत्त्यांवर डाव खेळायचा. तीनपैकी एखाद्या रांगेतल्या आपल्या पत्त्यांची बेरीज १० किंवा अधिक आणि समोरच्यापेक्षा जास्त झाली की ती रांग सर होते. तिन्ही रांगा आधी सर करणारा जिंकतो. तथापि, जवळजवळ प्रत्येक पत्त्यावर वेगळा इंग्रजी मजकूर असल्यामुळे तो घरातल्या सगळ्यांना चालणारा नाही. महाविद्यालयीन मुलांना अवश्य द्यावा.

रिफ्टफोर्सची ‘बियाँड’ ही पुरवणी आणखी ८ गिल्ड देते, परंतु दहांतून चार निवडण्याचे २१० प्रकार मूळ पेटीतच असल्याने ती घेण्याची घाई नसावी.