रिंगा गेल्या की व्हॉल्व्ह? कॉम्प्रेशन गेज आणि लीकडाउन टेस्टर

जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी चढावर दम टाकायला लागली, उभ्या जागी मिसिंग मारायला लागली (म्हणजे इंजिन अडखळायला लागलं), की गॅरेजवाला बॉनेट न उघडताच सांगतो, "रिंगा गेल्या, बोअर करून घ्या." म्हणजे पिस्टनभोवतीच्या, हवा अडवणाऱ्या रिंगा झिजल्या, आता सिलेंडर आतून घासून मोठा करा. असेलही तसं. पण बोअर, पिस्टन, रिंगा म्हणजे अख्खं इंजिन खाली. त्याआधी झीज नक्की कुठे आहे ते पाहावं म्हणून मी आधी कॉम्प्रेशन गेज घेतला (सिलेंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणारा) आणि वर्षभराने लीकडाउन टेस्टर (सिलेंडरमधून किती हवा गळते ते मोजणारा). तुम्हाला दोन्हींपैकी एकच घ्यायचा असेल तर माझा अनुभव असा.

(व्हॅक्यूम गेजही हाताळलाय, इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा. कार्बोरेटर आणि टायमिंग लावायला उत्तम. पण पुण्याच्या उंचीवर काटा तसाही दीड-दोन इंच खालीच दिसतो आणि झिजलेल्या इंजिनात तो इतका नाचतो की माझ्यासारख्याला त्यातून काही वाचता येत नाही.)

कॉम्प्रेशन गेजची सोय कबूल करायलाच हवी. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर काढा, अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबा आणि सेल्फ मारा. अर्ध्या तासात काम उरकतं. घ्यायचा तर आटे असलेला घ्या. रबरी टोकाचा हाताने दाबून धरावा लागतो आणि निम्मी हवा तिथूनच सुटते.

माझं बिनसलं ते बॅटरीवरून. पहिल्या दिवशी एक ते चार सिलेंडरांचे क्रमाने आकडे आले 120, 118, 90, 98 पीएसआय. म्हणजे तिसरा आणि चौथा दोन्ही गेले, असं वाटून मी हताश. दुसऱ्या दिवशी सहज उलट्या क्रमाने घेतले, तर चौथा 116 आणि पहिला 104! सेल्फ थकत गेला तसा आकडाही उतरत गेला होता. तिसरा तेवढा दोन्ही वेळा नव्वदीच्या आसपास. मग नेहमीची युक्ती, प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल, म्हणजे रिंगांची फट तात्पुरती बुजते. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. माझा 90 चा 97 झाला. आता हे वाढलं म्हणायचं की नाही? बॅटरीच्या मर्जीवर हलणाऱ्या आकड्यावर विसंबून इंजिन उतरवायला माझं मन घेईना. चांगली बॅटरी आणि सोबत चार्जर असेल तर तुम्हाला हा त्रास होणारही नाही.

लीकडाउनमध्ये इंजिन फिरवायचंच नसतं. पिस्टन अगदी वर, दोन्ही व्हॉल्व्ह बंद, आणि प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा आत. आत गेलेल्यापैकी किती गळते ते काटा दाखवतो. शून्य कधीच येत नाही, रिंगांच्या फटीतून थोडी जाणारच. जुन्या इंजिनात दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत मी तरी काळजी करत नाही. पण खरी गंमत काट्यात नाही, कानात आहे. ऑइल भरायच्या झाकणातून फुसफुस आली तर रिंगा, कार्बोरेटरमधून आली तर इनलेट व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्यावरचं झाकण यांच्यामधलं पॅकिंग.

याचेही नखरे आहेत. कॉम्प्रेसर लागतो, मी पंक्चरवाल्याकडे गाडी लावली. पिस्टन वर आणायला टॉप गिअरमध्ये गाडी ढकलत बसलो. जरा पुढेमागे राहिलं की हवेच्या धक्क्याने इंजिन फिरतं, म्हणून हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावले. चार सिलेंडरांत सकाळ गेली. पण तिसऱ्यात हवा सोडली आणि मागे उभा असलेला पंक्चरवाल्याचा पोरगा ओरडला, "काका, सायलेन्सरातून वारा येतोय!" ऑइलच्या झाकणावर मी हात धरून होतो, तिथे नावापुरती फुंकर.

हेड उतरवलं तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह कडेला नखाएवढा जळालेला. बोअरच्या वरच्या काठावर नख फिरवलं, खाच जेमतेम लागली, म्हणजे बोअर फारसा झिजलेला नव्हता. टॅपेट टाइट राहिला असणार, म्हणजे व्हॉल्व्ह पूर्ण बंद व्हायला लागणारी फट (गॅप) उरली नसणार. बिनशिशाच्या पेट्रोलवर व्हॉल्व्ह जिथे टेकतात त्या जुन्या सीट खचतात आणि गॅप आपोआप कमी होत जातो, तेव्हा कोणतीही टेस्ट करण्याआधी टॅपेट तपासाच. माझं काम एक व्हॉल्व्ह, ग्राइंडिंग पेस्ट आणि नवीन गॅस्केट एवढ्यावर भागलं.

दुसऱ्याच्या दारातली गाडी विकत घ्यायला जाणार असाल तर मात्र कॉम्प्रेशन गेजच न्या. तिथे कोण तुम्हाला चाकाला दगड लावू देणार? माझाही डिकीत आहे, त्याच कामासाठी.