क्विलाजा सॅपोनिन: जनावरांच्या लशीतला वनस्पतिजन्य साहाय्यक

लाळ्या-खुरकूत रोगाच्या लशीत ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जोडीला वापरला जाणारा सॅपोनिन हा साहाय्यक (लशीचा प्रतिसाद वाढवणारा) घटक गाई-म्हशी आणि शेळ्या-मेंढ्यांसाठी मला भरवशाचा वाटतो. डुकरांसाठी मात्र मी तो सुचवणार नाही, कारण त्यांच्यात तेलयुक्त लसच चांगला प्रतिसाद देते. मूळचा चिलीतील क्विलाजा या वृक्षाच्या सालीतून तो काढतात. सालीचा कच्चा अर्क प्रत्येक खेपेला वेगळा उतरत असे. १९७४ साली संशोधक डाल्सगार्ड यांनी त्यातला परिणामकारक अंश वेगळा केला आणि पुढे ‘क्विल-ए’ या नावाने तो रूढ झाला. प्रतिपिंडांबरोबर पेशीजन्य प्रतिकारशक्तीलाही चालना देणे, ही त्याची खरी जमेची बाजू.

पेशीपटलातील कोलेस्टेरॉलला चिकटण्याच्या गुणामुळे सॅपोनिन तांबड्या रक्तपेशी फोडू शकते, त्यामुळे मात्रा वाढवणे अंगलट येते आणि टोचल्या जागी गाठ किंवा सूज दिसू शकते. शिवाय तेलयुक्त लशीइतके संरक्षण टिकत नाही, म्हणून पुन्हा टोचणी लवकर करावी लागते. बाटलीच्या तळाशी पांढरा थर बसतो. ती जोरात घुसळल्यास फेस येऊन सिरिंजमध्ये हवा भरते, तेव्हा हलक्या हाताने उलटसुलट करणेच बरे. लस गोठली असेल तर सरळ टाकून द्यावी.

माझी तक्रार लशीच्या वेष्टनाबद्दल आहे: त्यावर नुसते ‘सॅपोनिन’ छापलेले होते, शुद्धतेचा उल्लेख नव्हता.