बासरी, टिन व्हिसल की शाकुहाची?

ठाण्यात राहून फुंकवाद्य शिकायचं म्हटलं की जो तो बासरीच सुचवतो, आणि बहुतेकांसाठी ते बरोबरही आहे. पण आयर्लंडच्या टिन व्हिसलवरची जिग (तिथली नाचाची चाल) किंवा जपानची बांबूची शाकुहाची ऐकून ज्याचं मन तिकडे गेलंय, त्याला एवढ्यावर गप्प बसवण्यात अर्थ नाही. तिन्ही पोकळ नळ्या, तिन्हींची छिद्रं बोटांनीच झाकायची. फरक पडतो तो त्या त्या मुलखाने कशाला संगीत मानलं यावर.

बासरीपासून सुरुवात करू. ती मुळात लोकवाद्य. पन्नालाल घोष (1911–1960) यांनी लांब, खर्जातली बासरी घडवून घेतली आणि ख्यालाचा विस्तार तिच्यात आणला. तिच्यावर चाव्या नाहीत, म्हणूनच बोट छिद्रावरून हळूहळू सरकवून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) घेता येते, कण (शेजारच्या सुराचा ओझरता स्पर्श) लावता येतो. वरची तीन छिद्रं झाकली की सा, सहाही झाकली की खालचा पंचम, सगळी उघडी टाकली की तीव्र मध्यम. शुद्ध मध्यमासाठी पहिलं छिद्र अर्धंच झाकायचं, आणि नवशिक्याची पहिली रडारड तिथेच होते. एका रागात महिनोन्महिने राहायची तयारी हवी. भूपाच्या पाच सुरांत आपण अजून का अडकलोय, असं वाटून चिडचिड होणार असेल तर पुढचा परिच्छेद तुमच्यासाठी आहे.

टिन व्हिसल पहिल्याच दिवशी वाजते. तोंड शिटीसारखं असल्याने फुंकेचा कोन शोधत बसावं लागत नाही. रॉबर्ट क्लार्क या इंग्रज कारागिराने 1843 मध्ये ती पत्र्याची करून विकायला काढली आणि आयर्लंडने ती आपलीशी केली. नेहमीची व्हिसल डी पट्टीची. इथे सहाही छिद्रं झाकली की मूळ स्वर. म्हणजे बासरीवाल्याला सा नव्या जागी शोधावा लागतो. तिथली चाल आटोपशीर असते: आठ मात्रागटांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, मग पुन्हा पहिल्यापासून. सगळे मिळून एकच चाल वाजवतात. आपल्यासारखा एकट्याचा विस्तार नाही. सजावट आहे ती बोटाच्या झटक्याची. बोट क्षणभर उचललं, टेकवलं, झालं. मींडेची सवय असलेला माणूस इथे सूर ओढत बसतो आणि चाल लंगडते. जिग मात्र परकी वाटत नाही, कारण तीन-तीनच्या जोड्या दादऱ्याने आपल्या कानात आधीच बसवलेल्या आहेत. खरी अडचण सोबतीची. हे चार जणांत वाजवायचं संगीत आहे. घोडबंदर रोडच्या फ्लॅटमध्ये एकट्याने रेकॉर्डिंगबरोबर वाजवताना त्याची निम्मी मजा जाते.

शाकुहाची या दोघींच्या वाटेलाच जात नाही. जाड बांबूचा मुळाकडचा तुकडा, प्रचलित लांबी सुमारे 54.5 सेंटिमीटर, पुढे चार छिद्रं, मागे अंगठ्यासाठी एक. वरच्या टोकाच्या तिरक्या धारेवर फुंकायचं. जपानमधल्या फुके या झेन बौद्ध पंथाचे भिक्षू डोक्यावर टोपलीसारखी टोपी घालून ती वाजवत फिरायचे. 1871 मध्ये सरकारने पंथ बंद केला, वाद्य उरलं. त्यांच्या जुन्या रचनांना ठेका नाही. एक श्वास, तेवढीच ओळ, मग शांतता. हनुवटी खाली नेली की सूर उतरतो, वर केली की चढतो; नुसती मान हलवायला शिकण्यात तीन वर्षं जातात, असं तिथले लोकच म्हणतात. बासरीच्या शिकवणीत ज्या फुसफुशीबद्दल बोलणी खावी लागतात, ती इथे मुद्दाम वाजवायची कला आहे. आलाप आवडतो पण तबला सुरू झाला की मन उडतं, असे श्रोते आपल्यातही आहेत (ते कबूल करत नाहीत). त्यांनी ही जरूर ऐकावी.

आता व्यवहार. गुरू समोर हवा असेल तर बासरीला तोड नाही. ठाणे-नवी मुंबईत शिकवण्या मिळतात, आणि प्रारंभिकपासून विशारदपर्यंत परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची वास्तू वाशीतच आहे. शाकुहाचीसाठी ऑनलाइन शिक्षक गाठावा लागेल, वेळेचा हिशेब जपानचा. शेजाऱ्यांचा विचार केला तर व्हिसलचं वरचं सप्तक भिंतीपार जातं. खर्जाची बासरी रात्री नवालाही खपते. पावसाळ्यात बांबूला बुरशी धरते आणि एसीच्या कोरड्या हवेत तो तडकू शकतो, म्हणून वाजवून झाल्यावर आतून पुसायचं. व्हिसलला यातलं काही नाही.

माझा कौल: गाणं कानात असेल आणि धीर असेल तर बासरी. लहान मुलाला किंवा दिवसाकाठी पाव तासच मिळणाऱ्याला व्हिसल. शाकुहाची पहिलं वाद्य म्हणून मी कुणालाच सुचवणार नाही. महिनाभर धड आवाजच निघाला नाही तरी चालेल, असा स्वभाव असेल तर गोष्ट वेगळी.

बासरी घेताना थेट ई बेसवर (लांब, खर्जाच्या ई पट्टीच्या बासरीवर) उडी नको, बोटं पोचत नाहीत. दीड फुटाच्या आसपासची सी नॅचरल मीडियम (सी पट्टीची, मधल्या लांबीची) घ्या आणि दुकानातच ट्यूनर ॲपवर सूर तपासा. जत्रेतली रंगीत बासरी त्या परीक्षेत सहसा नापास होते. साधी व्हिसल स्वस्तात येते. कारागिराने घडवलेल्या बांबूच्या शाकुहाचीला मात्र हजारोंनी रुपये मोजावे लागतात, तेव्हा आधी प्लॅस्टिकची घ्या. तिच्यावर सूर धरता आला, तरच बांबूचा विचार.